हवा शेतातही मोजा

पुण्याच्या हवेची चर्चा दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि थंडी ओसरली की थांबते. सकाळचे धुरके, खवखवणारा घसा, टेकडीवरून दिसणारा शहरावरचा करडा पट्टा हे सगळे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याच्या बातम्या होतात. फेब्रुवारी संपता संपता आकाश निवळते आणि विषय मिटतो. नेमक्या त्याच दिवसांत जमिनीलगतचा ओझोन वाढू लागतो. पुणे परिसरात मार्च ते मे या काळात तो वर्षातल्या वरच्या पातळीवर असतो आणि पावसाळ्यात सर्वांत खाली उतरतो. त्याला रंग नाही, तो दुपारी लख्ख उन्हात तयार होतो. माणसाच्या फुफ्फुसांना तो अपायकारक आहेच, पण पिकाच्या पानाला त्याचा त्रास माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आतच सुरू होतो. त्या पानाच्या बाजूने आपल्याकडे कुणी हवा मोजत नाही. ती मोजण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे ज्ञान आणि जवळजवळ सगळ्या संस्था एकट्या पुणे जिल्ह्यात असताना ती मोजली जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आकाशात वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर असलेला ओझोन आपले अतिनील किरणांपासून रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र आपल्याच धुरातून जन्मतो. गाड्या, कारखाने आणि जनरेटर यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट यांतून उडणारी सेंद्रिय संयुगे ऊन लागले की एकमेकांवर प्रक्रिया करतात आणि ओझोन बनतो. ही प्रक्रिया व्हायला काही तास लागतात, आणि तेवढ्या वेळात वारा थांबलेला नसतो. त्यातच वाहत्या रस्त्यावर इंजिनातून बाहेर पडणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड तयार ओझोन खाऊन टाकतो. त्यामुळे गर्दीच्या चौकातल्या यंत्रावर ओझोन कमी दिसतो, आणि शहराच्या वाऱ्याखाली, दहावीस कोसांवरच्या शिवारात तो जास्त असू शकतो. पुण्यात उन्हाळी दुपारी वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणजे शहराचा धूर हवेली, पुरंदर, शिरूर, दौंडच्या दिशेने जातो आणि वाटेत ओझोन होतो. आपली मोजणी यंत्रे मात्र पाषाण, शिवाजीनगर, हडपसर, भोसरी, निगडी अशी दोन महापालिकांच्या भोवतीच गोळा झालेली आहेत. माणसे जिथे दाटीने राहतात तिथे यंत्रे हवीत, याबद्दल वाद नाही. पण धूर जिथे पोहोचतो तिथे एकही नको, असे तर कुणी ठरवलेले नसावे.

पानाच्या आत काय होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पान आपली पर्णरंध्रे, म्हणजे पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रे, उघडते. त्याच वाटेने ओझोन आत शिरतो आणि पेशींच्या पडद्यांवर हल्ला करतो. पान दुरुस्तीच्या कामाला लागते, आणि जी साखर दाण्याकडे किंवा कांद्याकडे जायची ती या दुरुस्तीत खर्च होते. प्रकाशसंश्लेषणातले मुख्य विकर (एन्झाइम) रुबिस्को घटते, पान वेळेआधी म्हातारे होते आणि दाणा भरण्याचे दिवस कमी पडतात. शेतात उभे राहून पाहिले तर बहुतेक वेळा यातले काहीच ओळखू येत नाही. पीक हिरवे असते, जरा लवकर पिवळे पडते आणि उतारा थोडा कमी येतो. गारपिटीसारखी एका रात्रीतली नासाडी इथे होत नाही, त्यामुळे पंचनाम्याला कुणी येत नाही, आणि आले तरी त्या फॉर्ममध्ये या कारणासाठी रकाना नाही.

आता चाकण घ्या. कांद्याचा बाजार म्हणून हे नाव महाराष्ट्रभर माहीत होते. गेल्या काही दशकांत ते मोटारींच्या कारखान्यांसाठी देशभर माहीत झाले. बाजार समितीत कांद्याची आवक होते आणि त्याच रस्त्यावर कंटेनरच्या रांगा उभ्या असतात. ज्या पिकाने हे गाव मोठे केले आणि ज्या उद्योगाने ते आणखी मोठे केले, ते दोघे एकाच हवेत श्वास घेतात. उन्हाळी कांद्याची पुनर्लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि कांदा पोसतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ओझोन चढू लागतो तेव्हाच. ओझोनने कांद्याच्या पातीवर पांढुरके ठिपके पडतात आणि शेंडे करपतात. शेंडे करपलेले दिसले की आपला शेतकरी फुलकिडे किंवा करपा समजतो आणि फवारणी करतो. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबरही असतो. पण जेव्हा कारण हवा असते तेव्हा ते औषध आणि ती मजुरी दोन्ही वाया जातात, आणि हे सांगणारे त्याला कुणी भेटत नाही.

कांदा आणि ओझोन यांचा संबंध काही काल-परवा कळलेला नाही. एंगल आणि गॅबलमन या अमेरिकी संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवले होते की कांद्याच्या काही वाणांना ओझोनचा त्रास होत नाही, कारण ओझोन वाढला की त्यांची पर्णरंध्रे मिटतात, आणि हा गुण पुढच्या पिढीत उतरतो. साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. याच जिल्ह्यात, चाकणहून पुढे राजगुरुनगरला, देशाचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. एकाच तालुक्यात कांद्याचे देशातले सर्वोच्च संशोधन केंद्र, कांद्याचा मोठा बाजार आणि वाहन उद्योगाचा पट्टा असे असताना आपले वाण या हवेत कसे टिकतात हा प्रश्न पहिल्या ओळीत असायला हवा.

द्राक्षांचीही गोष्ट अशीच आहे. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना १९४०च्या दशकात पालेभाज्यांची पाने चंदेरी, भाजल्यासारखी होताना दिसू लागली. त्या काळी अननसाच्या वासावर काम करणारे हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वळले, आणि मोटारींचा व तेलशुद्धीकरणाचा धूर उन्हात ओझोन बनवतो हे त्यांनी सिद्ध केले. पुढे १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवेलींच्या पानांवरचे बारीक गडद ठिपके ओझोनचे आहेत हे उघड झाले. शेतातल्या पिकावर ओझोनची खूण इतक्या स्पष्टपणे ओळखली गेली ती द्राक्षावर. आज नारायणगाव-जुन्नरची द्राक्षे परदेशी जातात आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याला चिकटून मांजरीला आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर येणाऱ्या नव्या पानांच्या बळावर पुढच्या वर्षीच्या घडांची बीजे काडीत ठरतात. ती कोवळी पाने वाढतात एप्रिल-मेच्या हवेत, म्हणजे वर्षातल्या सर्वाधिक ओझोनमध्ये. याचा घडनिर्मितीवर किती परिणाम होतो हा प्रश्न बागायतदाराने नाही, संशोधन व्यवस्थेने विचारायचा आहे.

देशपातळीवरचे आकडे पाहिले की हा विषय किरकोळ नाही हे लक्षात येते, आणि त्यातला एक महत्त्वाचा आकडा पाषाणमधूनच आला आहे. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकीय प्रारूप वापरून जिल्हावार हिशेब मांडला. त्यानुसार ओझोनमुळे देशात वर्षाला सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकतो. अन्नसुरक्षा कायद्यासाठी वर्षाला जे ६ कोटी १२ लाख टन धान्य लागते त्याच्या ९.२ टक्के एवढे हे नुकसान आहे, आणि त्या धान्यात दारिद्र्यरेषेखालच्या सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांचे पोट भरले असते. त्याच वर्षी बर्नी आणि रामनाथन या संशोधकांनी वेगळ्या, संख्याशास्त्रीय पद्धतीने असे मांडले की १९८०पासूनचा हवामानबदल आणि प्रदूषणातली वाढ झाली नसती तर २०१० मध्ये जेवढा गहू आला असता, त्याहून ३६ टक्क्यांपर्यंत कमी आला, आणि त्यातला बराच मोठा वाटा ओझोन आणि काजळीसारख्या अल्पायुषी प्रदूषकांचा होता. लाहोरजवळ नव्वदच्या दशकात गाळलेल्या हवेत आणि साध्या हवेत गहू-भात वाढवून पाहिला, तेव्हा साध्या हवेतला उतारा एक तृतीयांशाहून अधिक घटला होता.

या आकड्यांमध्ये फरक आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. घुडे यांच्या अभ्यासात नुकसान मुख्यतः मध्य आणि उत्तर भारतात दिसते. ते जसेच्या तसे पुण्याला लावता येणार नाही. शिवाय अशा बऱ्याच हिशेबांत पिकाची ओझोनला होणारी प्रतिक्रिया युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगांवरून घेतलेली असते. आपले वाण, आपले ऊन आणि आपली माती त्यात नसते. काही जण याच मुद्द्यावर सगळा विषय बाजूला सारतात. मला तो मुद्दा उलट दिशेने जाणारा वाटतो. परका मापदंड चालत नसेल तर आपला बनवायला हवा, आणि त्यासाठी आपल्याच शेतात प्रयोग व्हायला हवेत. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात वरून उघड्या कक्षांमध्ये पिके वाढवून असे काम वर्षानुवर्षे चालले आहे. वीज आणि कक्ष दोन्ही नसतील तर ईडीयू नावाचे संयुग वापरण्याची जुनी पद्धत आहे. ते पिकाला ओझोनपासून बऱ्याच अंशी वाचवते. एका वाफ्याला ते द्यायचे, शेजारच्याला नाही, आणि दोन्हींचा उतारा तोलायचा. शेतकऱ्याने हे औषध म्हणून वापरायचे नाही. प्रयोगात मात्र ते फरक उघड करते. कृषी महाविद्यालयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका हंगामात जमेल असे हे काम आहे.

खरी अडचण आपल्या मानकांमध्ये आहे. भारताच्या २००९च्या हवा गुणवत्ता मानकांत ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. हवेच्या अब्ज भागांत मोजायचे तर साधारण ५० भाग. पिकांसाठी युरोपात बराच काळ वापरलेली मोजणी वेगळी आहे. दिवसाउजेडी ओझोन ४० भागांच्या वर जितका जातो तितका तासागणिक जमा करत जायचा, आणि तीन महिन्यांत ही बेरीज ३,००० वर गेली की गव्हासारख्या संवेदनशील पिकाचे सुमारे पाच टक्के नुकसान धरायचे. आता एक कल्पित उदाहरण करून पाहा. समजा एखाद्या शिवारात रोज दुपारचे सात तास ओझोन ४८ भाग आहे. मर्यादा एकदाही ओलांडलेली नाही. हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या फलकावर ओझोनपुरता शेरा ‘समाधानकारक’ असाच येईल. पण रोज आठ गुणिले सात म्हणजे ५६, आणि नव्वद दिवसांचे ५,०४०. पिकाची मर्यादा केव्हाच मागे पडली. माणसासाठी आखलेल्या रेषेखाली हवा राहिली आणि तरीही शेतकऱ्याचे नुकसान झाले, असे रोज होऊ शकते, आणि कायद्याच्या दृष्टीने तिथे काहीच घडलेले नसेल.

आपल्या मानकांत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांसाठी वेगळी, कडक मर्यादा आहे, पण ती फक्त सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी. ओझोनची मर्यादा सगळीकडे एकच. शेतीसाठी तर काहीच नाही. अमेरिकेच्या कायद्यात मानवी आरोग्यासाठी एक आणि पिके, वनस्पती, मालमत्ता यांच्यासाठी दुसरे अशी दोन मानके ठरवण्याची तरतूद आहे. तिथेही आज ओझोनची दोन्ही मानके एकाच आकड्यावर आहेत, आणि त्यावर टीका होते. पण टीका करायला कायद्यात जागा तरी आहे.

२०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांचा आहे आणि त्याचे यश धूलिकणांत मोजले जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही त्यात आहेत. धूलिकण कमी व्हायलाच हवेत. पण चीनने २०१३नंतर धूलिकण झपाट्याने उतरवले तेव्हा त्यांच्या बऱ्याच शहरी भागांत ओझोन वाढत गेला. हवा निवळली की ऊन जास्त पोहोचते, आणि ओझोनच्या साखळीला अडवणारे कणही कमी होतात. नायट्रोजन ऑक्साइड आणि सेंद्रिय संयुगे यांना हात न लावता आपण फक्त धूळ झाडत राहिलो, तर शहराचा आकडा सुधारेल आणि बिल खेड-शिरूरला जाईल.

या सगळ्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट बागायतीची आहे. पाण्याचा ताण पडला की पीक पर्णरंध्रे मिटते. मग ओझोनही कमी आत जातो. म्हणजे कोरडवाहू ज्वारी एका अर्थाने सुरक्षित, आणि ठिबक घातलेले, खते दिलेले, कर्ज काढून वाढवलेले पीक जास्त उघडे. ज्वारी मुळातही या बाबतीत काटक आहे. गहू, सोयाबीन, घेवडा, कलिंगड नाजूक. शेतकऱ्याने पाणी आणि पैसा ओतून पर्णरंध्रे उघडी ठेवायची आणि त्या उघड्या वाटेने शहराचा धूर आत यायचा. पिकाचा उतारा का वाढत नाही याची चर्चा आपण बियाणे, खत, पाणी आणि शेतकऱ्याचे कष्ट यांवर संपवतो. त्यात हवेचा हिस्सा धरला नाही तर आपण त्याच्यावर अन्याय करतो.

शेतकऱ्याची बाजू घेताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. दौंड, इंदापूर, बारामतीच्या ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवले जाते, आणि त्या धुरात ओझोन बनवणारे दोन्ही घटक असतात. पाचट कुजवले तर जमिनीचाही फायदा आहे. कृषी विभाग हे अनेक वर्षे सांगतो आहे. स्वतःच्या पिकासाठी हवा मागताना पाचट न जाळण्याचा आग्रह शेतकऱ्यांच्या संघटनांनीच धरावा. मात्र ऊसतोडीनंतर एकदा पेटणारे पाचट आणि वर्षाचे सगळे दिवस चालणारी शहराची वाहतूक यांना एका तराजूत घालू नये.

पिकांच्या पलीकडे जे आहे त्याला तर विमा, बाजारभाव, संघटना काहीच नाही. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या शेतात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मर्यादेच्या आतला डिझेल धूर आणि ओझोन सोडला, तेव्हा मोहरीच्या फुलांवर येणारे परागीभवन करणारे कीटक ६२ ते ७० टक्क्यांनी कमी झाले. फुलांचा गंध हवेतच मोडतो आणि कीटकाला वाट सापडत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. बंगळूरमध्ये २०२० साली आग्या माश्यांवर झालेल्या अभ्यासात जास्त प्रदूषित भागांतून पकडलेल्या ८० टक्क्यांहून अधिक माश्या चोवीस तासांत मेल्या. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे. डाळिंब, कांदा-बीजोत्पादन, सूर्यफूल यांचा बराचसा व्यवहार माशीवर चालतो. आणि सह्याद्रीवरचे सडे, म्हणजे उंचावरची खडकाळ पठारे? कासच्या पठारावर दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पती टिकल्या त्या तिथली माती नायट्रोजनला गरीब आहे म्हणून. ब्रिटनमधल्या आम्लधर्मी गवताळ रानांत वर्षाला हेक्टरी दर अडीच किलो वाढीव नायट्रोजनामागे चार चौरस मीटरच्या चौकटीतली एक प्रजाती कमी होते, असे २००४ मध्ये दिसून आले. आपल्या सड्यांवर धुरातून आणि शेतातल्या अमोनियातून किती नायट्रोजन उतरतो हे ठरावीक काळाने मोजले पाहिजे. महाबळेश्वरला आयआयटीएमची ढगांची प्रयोगशाळा आहे, सिंहगडावर त्यांची नमुने घेण्याची जागा आहे. पाऊस तर गोळा होतोच.

शेती आणि हवामान यांना एकत्र आणण्याचे काम या शहराने आधी केले आहे. १९३२ मध्ये हवामान विभागाची कृषी हवामान शाखा पुण्यात सुरू झाली, एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली, आणि पिकाभोवतीच्या हवेचे तापमान, दव, बाष्प असे सगळे कृषी महाविद्यालयाच्या शेतात मोजले जाऊ लागले. त्या काळी हवेत जे होते ते मोजले. आजच्या हवेत जी भर पडली आहे ती मोजणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. अजैविक ताण म्हणजे किडी-रोगांमुळे नव्हे तर हवा, पाणी, माती यांमुळे पिकावर येणारा ताण, आणि ओझोन हा तसाच ताण आहे. आघारकर संस्था गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण देते. प्रत्येक जण आपल्या जागी काम करतो, पण या एका प्रश्नासाठी त्यांना एकत्र बसवणारा कार्यक्रम दिसत नाही. तो बसवणे हे राज्याच्या कृषी आणि पर्यावरण या दोन खात्यांचे काम आहे.

माझी मागणी मोठी नाही. खेड, जुन्नर, शिरूर, दौंड, बारामती इथे शेतात ओझोन मोजला जावा. जिथे वीज भरवशाची नाही तिथे हवेचे नमुने गोळा करणारे, विजेशिवाय चालणारे संच लावता येतात. कृषी हवामान सल्ल्यात पाऊस आणि तापमानाबरोबर पिकाच्या दृष्टीने ओझोनची बेरीज छापली जावी. नवा वाण प्रसारित करताना करपा आणि फुलकिड्यांबरोबर ओझोनलाही तो किती टिकतो हे तपासले जावे. आणि मानकांचा पुढचा आढावा होईल तेव्हा पिकांसाठी स्वतंत्र मर्यादा मांडली जावी. त्या मर्यादेची मागणी पुण्यातून झाली तर तिच्या पाठीशी आकडे असतील.

उन्हाळी कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकली जातात. त्याआधी राजगुरुनगर आणि पाषाण यांनी मिळून दोन-चार वाण, ईडीयू दिलेले आणि न दिलेले वाफे आणि शेजारी ओझोनचे एक मीटर एवढे ठरवले, तर काढणी होईपर्यंत चाकणच्या शिवारातला कांदा हवेमुळे किती घटतो याचा आपल्या मातीतला आकडा हाती येईल.